संशोधन मोजायचे कशाने?

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांनी बेलापूर परिसराची शेती पार बदलून टाकली. ज्वारी-बाजरीच्या रानात ऊस उभा राहिला; हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना आला, पुढे टिळकनगरला दुसरा. पण काळ्या, खोल आणि निचरा कमी असलेल्या जमिनीला बारमाही पाणी सोसले नाही. कुठे रान चिबडले, कुठे क्षार वर आले, कुठे जमीन चोपण झाली. नीरेपासून प्रवरेपर्यंत दख्खनच्या कालव्यांवर हीच तक्रार होती. त्या तक्रारीच्या काळातच, १९३२ मध्ये, फलटण तालुक्यातल्या पाडेगावला ऊस संशोधन केंद्र उभे राहिले. १९३८ मध्ये जे. के. बसू आणि एस. एस. सिरूर यांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवे यांच्याखालील जमिनींचे सर्वेक्षण आणि वर्गीकरण 'इंडियन जर्नल ऑफ ॲग्रिकल्चरल सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केले.

या निबंधाचे मोल किती? आजच्या पद्धतीने उत्तर द्यायचे तर आधी संगणकावरची एखादी सूची उघडावी लागेल. नंतरच्या किती शोधनिबंधांनी त्याचा संदर्भ दिला, तो कोणत्या दर्जाच्या नियतकालिकात आला, लेखकांचा निर्देशांक किती, हे पाहावे लागेल. बेलापूरच्या शिवारातल्या मातीचा उभा छेद पाहून तिची वर्गवारी करणाऱ्या त्या कामाला या तिन्ही प्रश्नांवर फारसे गुण मिळणार नाहीत. ते ज्या काळात आणि ज्या ठिकाणी छापले गेले, तिथवर या सूच्यांची नजर नीट पोचत नाही.

आज मात्र संशोधकाची नेमणूक, बढती, प्रकल्पाचा निधी आणि संस्थेचे मानांकन या आकड्यांवर बरेच अवलंबून असते. बेलापूरहून वीस-पंचवीस किलोमीटरवर राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, श्रीरामपूर परिसरातली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. दोन्हीकडच्या प्राध्यापकांच्या बोलण्यात पेपर, सायटेशन, इम्पॅक्ट फॅक्टर, एच-इंडेक्स हे शब्द रोजचे झाले आहेत. हे आकडे आले कुठून, ते काय सांगतात आणि प्रवरेच्या खोऱ्यासारख्या ठिकाणी केलेल्या कामाबद्दल काय सांगू शकत नाहीत, याचा हा आढावा.

ग्रंथालयाची सोय, मग मोजपट्टी

संदर्भ मोजण्याची कल्पना जन्मली ती शोधाशोध सोपी करण्यासाठी. अमेरिकेत वकिलांसाठी एकोणिसाव्या शतकापासून 'शेपर्ड्‌स सायटेशन्स' नावाची सूची निघत असे. एखाद्या जुन्या निकालाचा आधार पुढच्या कोणत्या खटल्यांत घेतला गेला, हे तिच्यात सापडे. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' मध्ये लेख लिहून विज्ञानासाठी अशीच सूची करावी असे सुचवले. विषयवार सूचीत शोधणाऱ्याला नेमका शब्द माहीत असावा लागतो. संदर्भांच्या सूचीत मात्र एक निबंध हाती लागला की त्याच्यावर आधारलेले पुढचे सगळे काम समोर येते. १९६० च्या दशकात गारफील्ड यांच्या फिलाडेल्फियातील संस्थेने 'सायन्स सायटेशन इंडेक्स' बाजारात आणला.

एवढ्या सूचीत कोणती नियतकालिके घ्यायची, हे ठरवायला एक हिशेब लागत होता. त्यातून इम्पॅक्ट फॅक्टर आला. एखाद्या नियतकालिकात मागच्या दोन वर्षांत आलेल्या निबंधांचे संदर्भ चालू वर्षात किती वेळा दिले गेले, ती संख्या घ्यायची आणि त्या दोन वर्षांतल्या निबंधांच्या संख्येने भागायची. ही सरासरी नियतकालिकाची आहे. त्यातल्या एकट्या निबंधाबद्दल ती जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण थोड्या निबंधांना भरपूर संदर्भ मिळतात आणि बाकीच्यांना मोजके. तरीही निबंध कुठे छापला यावरून तो किती मोलाचा हे ठरवण्याची सवय जगभर लागली.

व्यक्तीसाठी सुटसुटीत आकडा २००५ मध्ये आला. कॅलिफोर्नियातील भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक मांडला. समजा, एका संशोधकाच्या दहा निबंधांना अनुक्रमे ५२, ३१, १८, ९, ७, ६, ४, २, १ आणि शून्य संदर्भ मिळाले आहेत. उतरत्या क्रमाने पाहत गेले तर सहाव्या निबंधाला सहा संदर्भ आहेत, सातव्याला सातपेक्षा कमी. म्हणून त्याचा एच-निर्देशांक सहा. नुसत्या निबंधसंख्येवर भर दिला तर पानभर किरकोळ काम पुरते. नुसत्या संदर्भांवर दिला तर एकच गाजलेला निबंध सगळे झाकतो. हिर्श यांच्या आकड्यात दोन्हीला आळा बसतो. म्हणूनच तो झपाट्याने पसरला.

त्याची मर्यादा त्याच उदाहरणात आहे. पहिल्या निबंधाला ५२ ऐवजी पाच हजार संदर्भ मिळाले असते तरी निर्देशांक सहाच राहिला असता. शिवाय हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधी घटत नाही. विषयाविषयांत तर त्याची तुलनाच होत नाही. हिर्श यांनी अमेरिकी विद्यापीठांतील भौतिकशास्त्रज्ञांसाठी कायम नेमणुकीला साधारण १२ आणि पूर्ण प्राध्यापकपदाला साधारण १८ असा अंदाज दिला होता. जीवशास्त्रातले गट मोठे असतात, संदर्भांच्या याद्या लांब असतात. गणितात एकट्याने लिहिलेला दहा पानी निबंध दोन-तीन वर्षे वाट पाहतो. एकाच विद्यापीठातल्या दोन विभागांनाही ही पट्टी सारखी लागत नाही. स्वतः हिर्श यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या टिपणात आपल्या निर्देशांकाचे गंभीर दुष्परिणाम झाल्याचे मान्य केले आहे.

राहुरीच्या प्रबंधातले चार संदर्भ

संदर्भ म्हणजे नेमके काय, हे पाहायला कृषी विद्यापीठातल्या मृदशास्त्राच्या प्रबंधासारखी चांगली जागा नाही. 'साहित्य आणि पद्धती' या प्रकरणात ठरावीक नावे भेटतात. मातीतला उपलब्ध नत्र मोजला तर सुब्बय्या आणि असिजा, १९५६. स्फुरद मोजला तर ओल्सेन, १९५४. सेंद्रिय कर्ब काढला तर वॉकली आणि ब्लॅक, १९३४. आणि प्रयोगातल्या फरकांचे सांख्यिकी विश्लेषण केले तर पानसे आणि सुखात्मे.

यांतली शेवटची जोडी महाराष्ट्राची आहे. विनायक गोविंद पानसे हे कापसाच्या पैदाशीत सांख्यिकी वापरणारे शास्त्रज्ञ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीची धुरा वाहणारे. 'स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर ॲग्रिकल्चरल वर्कर्स' हे त्यांचे पुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९५४ मध्ये काढले. शेतातल्या वाफ्यांची मांडणी कशी करायची, दोन खतांच्या मात्रांतला फरक खरा की योगायोगाचा, हे त्याने भारतातल्या कृषी पदवीधरांच्या पिढ्यांना शिकवले. काश्मीरपासून केरळपर्यंत शेतीच्या निबंधांत त्याचा संदर्भ सापडतो.

असे हे काम मोजणीत कुठे बसते? ते पुस्तक आहे, निबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकांना असतो, म्हणून याला तो नाही. एच-निर्देशांकात ते कितीही वेळा उद्धृत झाले तरी एकच नग. 'वेब ऑफ सायन्स' आणि 'स्कोपस' यांसारख्या निवडक सूच्या प्रामुख्याने निवडलेल्या नियतकालिकांमधले संदर्भ मोजतात. प्रबंधांतले आणि त्या सूच्यांत नसलेल्या प्रादेशिक नियतकालिकांतले संदर्भ त्यांच्या हिशेबाबाहेर राहतात. 'गूगल स्कॉलर'चे जाळे रुंद आहे, त्यात प्रबंध, अहवाल, पुस्तके सगळे येते. पण त्यात एकाच गोष्टीच्या दुहेरी नोंदीही येतात. एकाच माणसाचा निर्देशांक या तीन ठिकाणी तीन निघतो.

हे चारही संदर्भ वापराचे आहेत: ही पद्धत वापरली, म्हणून नाव घेतले. जगातला सर्वांत जास्त उद्धृत निबंधही याच जातीचा आहे. प्रथिने मोजण्याची पद्धत सांगणारा ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध तीन लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला आहे. दुसऱ्या प्रकारचे संदर्भ वैचारिक ऋणाचे असतात, तिसरे खंडनाचे, चौथे केवळ प्रस्तावनेत रांग लावण्यासाठी दिलेले, पाचवे स्वतःच्याच जुन्या कामाचे. मोजणी या पाचांनाही एकेक गुण देते. म्हणून मोठा आकडा दिसला की पहिला प्रश्न 'किती?' याच्या पुढे जाऊन 'कशासाठी?' असा विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर निबंध उघडल्याशिवाय मिळत नाही.

कोसंबी, कापरेकर आणि सूचीच्या फटी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण या चर्चेत जगात कुठेही शोभेल. गोव्यात जन्मलेले कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४४ मध्ये, 'ॲनल्स ऑफ युजेनिक्स' मध्ये त्यांचा चार पानांचा निबंध आला. गुणसूत्रावर दोन जनुकांमधले अंतर संकरातल्या आकडेवारीवरून कसे काढायचे, याचे सूत्र त्यात होते. आज पिकांचे जनुकीय नकाशे करणाऱ्या संगणक प्रणालींत 'हाल्डेन' आणि 'कोसंबी' असे दोन पर्याय असतात. ज्वारी, हरभरा, गहू यांवर काम करणारा तरुण पैदासकार ते नाव निवडतो, आणि हेच कोसंबी प्राचीन भारताचे इतिहासकार होते हे अनेकदा त्याला ठाऊकही नसते.

त्याआधी एक वर्ष, १९४३ मध्ये, त्यांनी 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी' मध्ये यादृच्छिक फलनांचे विघटन करण्याची रीत मांडली. काही वर्षांनी कारहुनेन आणि लोएव यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि जगाने त्यांच्या नावाने स्वीकारली. कोसंबींचे नाव तिच्याशी जोडले जायला बराच काळ गेला. आणि १९५९ मध्ये त्यांनी रीमान गृहीतकासंबंधीचा दावा असलेला निबंध शेतीसांख्यिकीच्या भारतीय नियतकालिकात छापला. तो दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही.

या दोन निबंधांत मोठा धडा आहे. दोन्ही भारतीय नियतकालिकांत आले, दोन्हींकडे बाहेरच्या जगाचे तेव्हा फारसे लक्ष नव्हते. एक काळाच्या पुढचा निघाला, दुसरा टिकला नाही. नियतकालिकाच्या नावावरून किंवा त्या वर्षांतल्या संदर्भांच्या आकड्यावरून हा फरक कुणालाच सांगता आला नसता. तो सांगायला पडताळणी करणारा गणितज्ञ लागत होता. शेतीसांख्यिकीच्या संपादकांकडे गणिताच्या त्या शाखेचा पारखी असण्याची अपेक्षाही करता येत नाही.

कोसंबींनी एस. डुक्रे या टोपणनावाने गणित लिहिले, नाण्यांवर लिहिले, भर्तृहरीच्या सुभाषितांची संपादित आवृत्ती केली, इतिहासावर १९५६ मध्ये मोठे पुस्तक लिहिले. आजच्या सूचीत हा माणूस अनेक तुकड्यांत विखुरला जाईल.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांची गोष्ट वेगळी आहे. ६१७४ या संख्येचा त्यांना सापडलेला गुणधर्म १९५५ मध्ये 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' त छापला गेला. जगाला ते कळले ते मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'च्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिल्यावर. त्यानंतर 'कापरेकर स्थिरांक' हा शब्द इतका रूढ झाला की तो वापरणाऱ्याला मूळ निबंधाचा संदर्भ देण्याची गरजच वाटत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेची नोंद केली आहे: शोध पूर्णपणे स्वीकारला गेला की त्याचे उद्धरण थांबते. सर्वांत यशस्वी कामाला मोजणीत कमी गुण मिळण्याचा हा मार्ग आहे.

महाराष्ट्रातल्या नावांची अडचणही इथेच सांगायला हवी. पाश्चात्त्य सूच्या आडनाव आणि आद्याक्षरे घेतात. पाटील एस. एस., शिंदे ए. बी., जाधव आर. एस. अशी नावे एका विद्यापीठातही अनेक असतात. त्यांचे निबंध एकमेकांच्या खात्यात जातात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेचे काम दोन माणसांत वाटले जाते. २०१२ पासून 'ऑर्किड' हा सोळा अंकी ओळख क्रमांक मिळू लागला. तो संशोधकाने स्वतः घ्यावा आणि प्रत्येक निबंधाला जोडावा लागतो. जुने काम मात्र तसेच मिसळलेले राहते.

गुणांचे कोष्टक आणि त्याचे परिणाम

भारतात मोजणीने बळ धरले ते विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी. २०१० च्या नियमांत 'एपीआय' नावाची गुणपद्धती आली. २०१८ च्या नियमांनी ती बदलली, पण कोष्टक राहिले. त्यानुसार विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी यांतल्या एका निबंधाला आठ गुण आणि मानव्यविद्यांतल्या निबंधाला दहा. वर इम्पॅक्ट फॅक्टरची भर: एकपेक्षा कमी असेल तर दहा, एक ते दोनला पंधरा, दोन ते पाचला वीस, आणि दहाच्या वर असेल तर तीस. लेखक दोन असतील तर प्रत्येकाला सत्तर टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला सत्तर, बाकीच्यांना तीस टक्के.

हेतू वाईट नव्हता. गुण जाहीर असले की निवड समितीची मर्जी कमी चालते, ओळखीपाळखीला आळा बसतो, खेड्यातल्या महाविद्यालयात काम करणाऱ्याला आपली बाजू कागदावर मांडता येते. श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकवणाऱ्या माणसासाठी ही छोटी गोष्ट नाही. पण कोष्टकाने निबंधाची संख्या हेच चलन केले. चार प्रयोगांचा एक भक्कम निबंध लिहिण्यापेक्षा चार पातळ निबंध फायद्याचे ठरले. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंधापूर्वी निबंध छापावाच लागे. ती अट आयोगाने २०२२ मध्ये काढली. तोपर्यंत पैसे घेऊन आठ-दहा दिवसांत काहीही छापणाऱ्या बनावट नियतकालिकांचा धंदा देशभर पसरला होता.

या प्रश्नावरचे सर्वांत महत्त्वाचे काम पुण्यातून झाले. आयोगाने २०१७ मध्ये तीस हजारांहून अधिक नियतकालिकांची मान्य यादी काढली होती. तिच्यातला एक हिस्सा विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नागरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला नमुना तपासला. २०१८ मध्ये 'करंट सायन्स' मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला: विद्यापीठांनी सुचवलेल्या, इतर सूच्यांत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असावीत. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे 'यूजीसी-केअर' ही नवी यादी आली, तिचे तपासणीचे काम पुणे विद्यापीठातच बसले. २०१९ पासून ती लागू झाली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संशोधन आणि प्रकाशनाची नीती शिकवणारा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही त्याच काळात सक्तीचा झाला.

'केअर' यादीने बराच कचरा बाहेर काढला. पण यादी म्हटली की तिच्याभोवती नवा व्यवहार उभा राहतोच. नावाची नक्कल करणारी संकेतस्थळे निघाली. खऱ्या नियतकालिकाचे बोधचिन्ह लावून लेखकांकडून पैसे उकळले गेले. आणि यादीत नाव आहे म्हणजे आतला निबंध चांगला, ही समजूतही वाढली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने 'केअर' यादी बंद केल्याचे जाहीर केले आणि नियतकालिके निवडण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली.

ही भारतापुरती गोष्ट नाही. 'हिंदावी' या प्रकाशनाने एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले; त्यांतल्या अनेकांमागे निबंध विकणाऱ्या टोळ्या होत्या. शोधनिबंधांच्या संख्येत भारत आता चीन आणि अमेरिकेनंतर तिसरा आहे, म्हणून मागे घेतलेल्या निबंधांचा प्रश्न आपल्यालाही तितकाच लागू आहे. 'एनआयआरएफ' या राष्ट्रीय मानांकनाने २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण वजा करायला सुरुवात केली, हे योग्य पाऊल आहे. दर वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञ' अशा बातम्या जिल्हा पानांवर येतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन आयोनिडिस यांच्या त्या सूचीत निबंधांवरील संदर्भ, लेखकाचे स्थान असे सहा निकष एकत्र केलेले असतात. शिवाय आयुष्यभराच्या कामाची एक आणि एका वर्षाची दुसरी, अशा दोन याद्या असतात. बातमीत ही यादी कोणती, हे सांगितले तर वाचकाला तिचा अर्थ लागेल.

वाण, शिफारस आणि आडसाली ऊस

कृषी विद्यापीठांकडे मात्र मोजणीची आणखी एक जुनी पद्धत आहे, आणि या साऱ्या वादात तिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. महाराष्ट्रातली चार कृषी विद्यापीठे, म्हणजे राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली, दर वर्षी संयुक्त कृषी संशोधन आणि विकास समितीची बैठक घेतात. कृषी क्षेत्रात तिला सगळे 'ॲग्रेस्को' म्हणतात. तिथे नवे वाण, औजारे आणि लागवडीच्या शिफारशी मांडल्या जातात, प्रश्न विचारले जातात, काही परत पाठवल्या जातात, काही मंजूर होतात. मंजूर झालेली शिफारस पुढे 'कृषिदर्शनी' सारख्या मराठी पुस्तकांतून आणि शेतकरी मेळाव्यांतून गावात पोचते.

पाडेगावचा 'फुले २६५' हा उसाचा वाण याच वाटेने आला. क्षारपड जमिनीत तग धरणारा म्हणून त्याची ओळख आहे. म्हणजे बसू-सिरूर यांच्या काळापासूनच्या प्रश्नाला दिलेले ते एक उत्तर आहे. राहुरी विद्यापीठाच्या 'भगवा' डाळिंबाने महाराष्ट्राची निर्यात उभी केली. 'फुले त्रिवेणी' ही होल्स्टिन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून तयार केलेली गाय याच विद्यापीठाची. या कामांवर निबंध आहेत, पण त्यांचा खरा वापर निबंधांच्या बाहेर झाला.

वेळेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आडसाली उसाची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते आणि तो सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. त्यानंतर खोडवा घेतला की आणखी वर्षभर. म्हणजे लागण आणि खोडवा मिळून एकच चाचणी पुरी होईपर्यंत अडीच वर्षे जातात. इम्पॅक्ट फॅक्टरची खिडकी दोन वर्षांची! नव्या संकरापासून वाण प्रसारित होईपर्यंत दहा-बारा वर्षे सहज लागतात. पेशीतल्या रसायनावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचे वर्ष आणि ऊस पैदासकाराचे वर्ष एकाच कोष्टकात घातले की दुसऱ्यावर अन्याय होतोच. कृषी नियतकालिकांना राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी स्वतंत्र गुण देते, आणि ते भारतीय नियतकालिकांना थोडा न्याय देतात. तरी इम्पॅक्ट फॅक्टर नसलेल्या नियतकालिकाला तिथेही सहाच्या वर जाता येत नाही.

वाणाचा वापर मोजता येतो, आणि संदर्भांपेक्षा अधिक नेमका मोजता येतो. किती कारखान्यांनी मूलभूत बेणे नेले, किती क्षेत्रावर लागण झाली, पाच वर्षांनी किती उरले, साखर उतारा काय मिळाला, या नोंदी कारखान्यांच्या शेती खात्याकडे असतात. पैदासकार बियाण्याची मागणी दर वर्षी कागदावर येते. मृदशास्त्राच्या शिफारशीचे मोल माती परीक्षणाच्या पत्रिकांतून आणि प्रत्यक्ष खतमात्रेतून तपासता येते. एखाद्या शेतकऱ्याने वाण सोडून दिला तर तेही कळते. निबंधाकडे पाठ फिरवणारे वाचक कधीच नोंदले जात नाहीत.

मात्र वाण आणि शिफारशीही नुसत्या संख्येने मोजल्या तर तोच रोग इथे लागतो. प्रसारित झालेले अनेक वाण शेतात दिसत नाहीत. दोन जवळजवळ सारख्या शिफारशी दोन म्हणून मोजल्या जातात. पीक कापणीच्या आकड्यांशिवाय, क्षेत्राच्या नोंदीशिवाय केलेली वाणांची यादी ही निबंधांच्या यादीइतकीच अपुरी आहे. आणि मूलभूत संशोधनावर हे माप लादणेही चूक ठरेल. कोसंबींच्या चार पानांचा १९४४ साली शेतात काहीच उपयोग नव्हता.

कोणत्या प्रश्नासाठी कोणते माप

जगभरचे संशोधक याच निष्कर्षाला वेगवेगळ्या वाटांनी आले आहेत. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या जाहीरनाम्याने नेमणूक, बढती आणि निधी यांसाठी इम्पॅक्ट फॅक्टर वापरू नये असे सांगितले. २०१५ मध्ये 'नेचर' मध्ये आलेल्या लायडन जाहीरनाम्यात दहा तत्त्वे आहेत. त्यातली तीन प्रवरा खोऱ्यासाठी लिहिली असावीत इतकी नेमकी आहेत: आकडे तज्ज्ञांच्या निवाड्याला साहाय्य करतील, त्याची जागा घेणार नाहीत, काम ज्या उद्देशाने हाती घेतले त्या उद्देशाशी ते ताडून पाहावे, स्थानिक प्रश्नांवरचे उत्तम संशोधन जपावे. ऊस, डाळिंब, कांदा, चोपण जमीन या विषयांवरचे काम इंग्रजी जगाच्या मोठ्या नियतकालिकांना आकर्षक वाटेलच असे नाही; ते इथे हवे आहे, म्हणून इथे त्याची किंमत व्हायला हवी. मराठीतून शेतकऱ्यापर्यंत पोचवलेल्या ज्ञानाचेही तसेच.

आकडे फेकून द्यावेत असा याचा अर्थ नाही. ग्रंथपालाला कोणते नियतकालिक घ्यायचे हे ठरवताना इम्पॅक्ट फॅक्टर उपयोगी आहे. तो त्याचसाठी जन्मला. संदर्भांच्या जाळ्यावरून एखाद्या विषयात कोण कोणाशी बोलतो, कोणती पद्धत कुठे पसरली, हे उत्तम दिसते. एकाच विषयातल्या, एकाच वयोगटातल्या दोन माणसांच्या तुलनेत मोठी तफावत दिसली तर तिचे कारण विचारणे योग्य आहे. शंकास्पद कामाचा माग काढायलाही सूची लागते. मागे घेतलेले निबंध सापडतात ते याच नोंदींमुळे. आकडा प्रश्न उभा करतो, इतके त्याचे काम नीट होते. नेमणूक करायची की नाही याचे उत्तर त्याच्याकडून घेतले की चूक सुरू होते.

आयोगाच्या जानेवारी २०२५ च्या मसुद्यात कोष्टकाऐवजी उमेदवाराची उल्लेखनीय कामगिरी पाहण्याचा विचार आहे, आणि तिच्या प्रकारांत भारतीय भाषांतले अध्यापन, समाजाशी जोडलेले काम, सल्ला आणि प्रायोजित संशोधन यांना जागा आहे. 'केअर' यादीही उठली आहे. त्यामुळे पुणे विद्यापीठाशी जोडलेल्या महाविद्यालयांना आणि राहुरीसारख्या संस्थांना आपल्या निवडीची रीत स्वतः घडवण्याची संधी मिळाली आहे. त्यासाठी उमेदवाराने आपले पाच निबंध निवडून द्यावेत आणि प्रत्येकात नवे काय, हे मराठीत किंवा इंग्रजीत अर्ध्या पानात लिहावे. सहलेखकांच्या गर्दीत आपण नेमके काय केले, ते सांगावे. पैदासकार असेल तर वाणाच्या क्षेत्राची पाच वर्षांची नोंद जोडावी. मृदशास्त्रज्ञ असेल तर शिफारस कोणत्या गावांत कशी वापरली गेली, हे दाखवावे. आणि समितीत त्या विषयाचे किमान दोन असे जाणकार असावेत, ज्यांनी हे पाच निबंध मुलाखतीआधी खरोखर वाचले आहेत.

यात सर्वांत अवघड बाब वाचनाची आहे. वीस उमेदवारांचे शंभर निबंध वाचायला आठवडे लागतात, तर कोष्टकातली बेरीज एका दुपारी होते. जाणकारांचा हा वेळ विद्यापीठांनी कामाचा भाग म्हणून मोजावा, त्याचे मानधन अंदाजपत्रकात धरावे आणि वाचून लिहिलेला अभिप्राय उमेदवाराला दाखवावा. नाही तर नव्या नियमांतली मोकळीक वापरायला कुणाकडे वेळच नसेल आणि जुने कोष्टक दुसऱ्या नावाने परत येईल.